पारूआत्याचा कनवास

पारूआत्याबद्दल सांगायचं तर पायांपासून सुरुवात करावी लागेल. माणसाचं वर्णन लोक डोळ्यांपासून करतात, नाकापासून करतात. आमच्याकडे तर आधी आडनाव विचारतात आणि तिथंच थांबतात. पारूआत्या समोरून आली की नजर आधी खाली जायची. हिरवं नऊवारी लुगडं, पोटऱ्यांपर्यंत वर खोचलेलं, आणि त्याखाली पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट. पुढं रबराची टोपी, खाली रबराचा तळ, नाडी करकचून आवळलेली. सकाळच्या पॅसेंजरनं मी पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून चुडाव्याला उतरलो आणि फलाटावर पहिल्यांदा हे बूट बघितले. बघतच राहिलो. तेवढ्यात वरून आवाज आला.

"काय बघायलाव? पाय हायत. तुमाला बी हायत."

मी वर बघितलं. पन्नाशीची बाई, कपाळावर गोंदण, डोक्यावर रेल्वेची पाटी, त्या पाटीत फावडं. ही पारूआत्या. नवरा गँगमन होता, काविळीनं गेला, त्याच्या जागेवर ही लागली. रुळाखालची खडी ओढायची, गवत उपटायचं, उन्हात मैलोन् मैल चालायचं. रेल्वेकडून मिळालेले जाड कातडी बूट तिनं आल्या दिवशीच दिराला देऊन टाकले आणि हे पांढरे स्वतः विकत घेतले. त्यांना ती कॅनव्हास म्हणायची नाही. कनवास म्हणायची. एकवचनात, देवाचं नाव घ्यावं तसं. "कनवास कुठं ठिवला मपला?" म्हणजे माझे बूट कुठं आहेत.

लोक भेटल्यावर विचारतात, जेवलात का. पारूआत्या विचारायची, "पायात काय हाय?" आणि उत्तराची वाट न बघता खाली वाकून स्वतःच बघायची. मग निकाल द्यायची. माझ्या पायात रबरी स्लिपर होती. निकाल आला तो असा:

"ह्यो बघा, रुळाखाली काय असतंय? स्लीपर. तिचं काम काय? गुमान पडून ऱ्हायाचं, वरून समदी गाडी जाऊ द्यायची. तसल्या नावाची वस्तू पायात घालून तुमी नामांतर आनायलाव व्हय?"

मी नामांतर कृती समितीचा प्रचारक. पत्रकं लिहायचो, छापून घ्यायचो, वाटायचो. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं पाहिजे, त्यासाठी गावंच्या गावं पालथी घालत होतो. नावात काय आहे, असं म्हणणारे शहाणे रोज भेटायचे. त्यांना माझं एकच सांगणं असायचं: मग तुमच्या सातबाऱ्यावरचं नाव काढून दाखवा. ह्या उत्तरावर मी लई खूश होतो. पण स्लिपरचं ऐकून मी पत्रकांचा गठ्ठा पायांसमोर धरला.

त्या दिवसापासून तिनं माझं नाव 'पत्रक' ठेवलं. "ओ पत्रक, इकडं या."

कनवासची निगा हा तिचा रविवारचा कार्यक्रम. वाटीत चुना कालवायचा, त्यात चिमूटभर नीळ, आणि चिंधीनं बुटांवर लेप द्यायचा. नीळ टाकल्यावर पांढरं खरं पांढरं दिसतं, असं तिचं म्हणणं. कधी हात सैल सुटायचा आणि बूट निळसर दिसायचे. कुणी दाखवून दिलं तर म्हणायची, "बरंच झालं की. आपलाच रंग हाय."

आणि कनवासचा इतिहास! तो ऐकवल्याशिवाय ती कुणाला सोडायची नाही. दुपारी गँग बाभळीखाली भाकरी खायला बसली की कुणीतरी मुद्दाम काडी टाकायचं, "आत्या, ह्ये बूट आले कुठून गं आपल्याकडं?" झालं. पारूआत्या भाकरी बाजूला ठेवायची.

"निझामाच्या टायमाला," ती सुरू करायची, "रझाकारानं लय हैदोस घातला व्हता. मंग मिलिटरी आली. आता मला सांगा, एवढी मिलिटरी आली, आन निझामाला कळलंच न्हाई. कामून? कामून कळलं न्हाई?"

"कामून, आत्या?"

"कनवास! कातड्याचे बूट टापटाप वाजत्यात. मैलावरून कळतंय कोन आलं. मिलिटरी आली ती कनवासवर. आवाज न्हाई, काई न्हाई. निझाम सकाळी चहा पियाला बसला तर दारात मिलिटरी. मपल्या सासऱ्यानं डोळ्यानं बघितलंय."

सासऱ्यानं निझामाला चहा पिताना डोळ्यानं कुठून बघितलं, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. इतिहास निम्मा खोटा होता. तिच्या गँगचा मुकादम मान खाली घालून हसायचा. पण पुढचा निम्मा खराच होता, कारण तो आम्हा सगळ्यांच्याच लहानपणातला होता. शाळेच्या कवायतीला कॅनव्हास. पीटीच्या मास्तरच्या पायात कॅनव्हास. पोलीस भरतीला धावणाऱ्या पोरांच्या पायात, दूधवाल्याच्या पायात, वरातीतल्या नवरदेवाच्या पायातसुद्धा. नवीन बुटाचा तो रबराचा वास! खोका उघडला की घरातली सगळी लेकरं नाक खुपसायची. मग प्लास्टिकचे बूट आले, उन्हात पाय शिजवणारे. मग स्लिपर आली आणि घराघरात शिरली. मग शहरातून रंगीत पट्ट्यांचे नायलॉनचे बूट आले, आणि कॅनव्हास घालणारा माणूस मागासलेला ठरला. बघता बघता कॅनव्हास गेला. कुणी घालवला नाही, कुणी रडलं नाही.

"गेला न्हाई," पारूआत्या म्हणायची. "थांबलाय. सिग्नल पडला की येतोय."

पूर्णेच्या बाजारात मुनीरभाईंचं बुटांचं दुकान होतं. त्यांच्या माळ्यावर कॅनव्हासचे खोके धूळ खात पडलेले. सगळ्या बाजारात तिच्या मापाचा कनवास तिथंच मिळायचा, म्हणून तिची फेरी ठरलेली. एकदा मी सोबत होतो. मुनीरभाई कंटाळून म्हणाले, "अम्मा, कायको जान खाती? पूरे पूर्ना में तुम एकीच गिऱ्हाईक है कॅनव्हास का. चूहे बी नक्को बोलते. मैं ये सब फेकनेवाला हूं."

"टाकू नका!" ती एवढ्यांदा ओरडली की समोरचा पानवाला उठून उभा राहिला. "मुनीरभाई, हातची वस्तू टाकू नका. त्येचे दिवस परत येत्यात."

"कौन बोला?"

"आवो, फॅशन म्हंजी आपली रेल्वे हाय. सिंगल लाईन. गेलेली गाडी त्याच रुळावरून परत येती. तिला दुसरी वाट हाय कुठं?"

मुनीरभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. खोके माळ्यावरच राहिले. आणि ते राहिले म्हणूनच पुढचा सगळा गोंधळ झाला.

त्याचं असं झालं. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरांमागं आम्ही एक बैठक घेतली. बायका पुष्कळ, शाळेतल्या आणि शाळा सुटलेल्या पोरीही पुष्कळ. मी जोरात भाषण केलं. शेवटी म्हणालो, "उद्यापासून गावोगाव कॅनव्हास सुरू करायचा आहे. घराघरात कॅनव्हास झाला पाहिजे. उद्या सकाळी प्रत्येकीनं कॅनव्हाससाठी तयार राहा!"

निवडणुकीत उमेदवार करतात तो कॅनव्हास. प्रचार. आमच्या समितीत हाच शब्द रुळला होता, तोंडात आपोआप यायचा. मग मागच्या रांगेतून पारूआत्या उठली. तिचे डोळे असे चमकत होते की मला वाटलं, भाषण चांगलंच लागलं.

"बगा!" ती बायकांकडे वळून म्हणाली. "बगा गं! म्या कवापासनं सांगायलेय! आता समितीनंच ठराव केलाय!"

मी टाळ्या घेतल्या आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर पोचलो तर फलाट पांढरा झालेला. खरंच सांगतो, पांढरा! म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, पोरी, सगळ्यांच्या पायात नवे कोरे कॅनव्हास. कुणाला मोठे, कुणाला लहान, कुणी पुढं चिंध्या कोंबलेल्या, कुणाच्या नाड्या चुकीच्या भोकांतून ओवलेल्या. मुनीरभाईंचा अख्खा माळा रात्रीतून खाली उतरला होता. स्वतः मुनीरभाई एका बाकड्यावर टेकून बसले होते, आणि त्यांच्या तोंडावर नमाजानंतर दिसतो तसला शांतपणा होता. आणि सगळ्यांच्या पुढं पारूआत्या.

तिनं खाली वाकून माझे पाय बघितले.

"पत्रक," ती म्हणाली, "तुमीच मनलाव कनवास, आन तुमीच चपलीवर?"

मी समजावायला तोंड उघडलं. आवो आत्या, कॅनव्हास म्हणजे प्रचार हो. पण त्या पोरींकडे बघितलं. एक जण एका पायावर उड्या मारून रबराचा ताण बघत होती. दुसरी बूट काढून वास घेत होती. मी तोंड मिटलं. मुनीरभाईंनी पिशवीतून माझ्या मापाचा जोड काढला आणि समोर धरला. त्यांनी तो आणलाच होता.

मग काय विचारता! त्या हंगामात आम्ही पूर्णा, परभणी, पिंगळी, सगळीकडं फिरलो. लोक पत्रक नंतर वाचायचे, आधी पाय बघायचे. "कनवासवाले आले," अशी आरोळी उठायची. लेकरं मागं धावायची. मी तीन वर्षं लिहिलेल्या पत्रकांनी जे झालं नाही ते त्या पांढऱ्या पायांनी व्हायला लागलं: लोक थांबायचे, विचारायचे, बोलायचे. आणि पारूआत्या प्रत्येक गावात तेच सांगायची. "ह्यो कशाचा हाय? कापडाचा. कापड कशाचं? कापसाचं. कापूस कुनी येचला? आपुन. आपुन येचल्याला कापूस आपल्या पायात घालायला कुनाची परवानगी पायजे?" माझ्या सगळ्या पत्रकांत इतकं सरळ एक वाक्य नव्हतं.

पण एक गाव राहत होतं. तिचंच गाव.

त्या गावाचं नाव लिहीत नाही. चुडाव्याला उतरून चालत जावं लागतं, एवढं पुरे. नाव लिहिलं तर ते गाव म्हणेल आमचंच का, आणि बाकीची गावं हसतील. हसू नका. तुमच्याकडेही हेच चालतं. स्टेशनकडून येणारी वाट वेशीतून गढीसमोरून जाते आणि आमच्या लोकांची वस्ती पलीकडच्या टोकाला. गढीसमोरून जाताना वस्तीतल्या माणसानं पायातलं हातात घ्यायचं, अशी तिथली रीत. कुठं लिहिलेली नाही, कुणी दवंडी दिलेली नाही. चप्पल कशी, चालता चालता निघते. पाऊलसुद्धा थांबत नाही. मी एकदा एका म्हाताऱ्याला गढी ओलांडल्यावर विचारलं, "बाबा, चप्पल का काढली?" त्यानं हाताकडं बघितलं आणि म्हणाला, "कवा काढली?" त्याला ठाऊकच नव्हतं. ह्याचा मला जेवढा संताप आला तेवढा आयुष्यात कशाचा आला नाही. शिवी दिली तर कळते तरी.

पारूआत्याच्या गावी जायचं म्हटलं की ती टाळायची. आज डबल ड्यूटी हाय. उद्या दिराकडं पावने येनारेत. पुढच्या आयतवारी बघू. मला वाटलं थकली असेल. मग एक दिवस मी वाळलेल्या ओढ्याच्या पुलावर सायकलची साखळी बसवत होतो आणि ती ड्यूटीवरून येताना दिसली. मला तिनं बघितलं नव्हतं. वेशीच्या अलीकडं एक दगड आहे, त्यावर ती बसली. नाड्या सोडल्या. बूट काढले, कागदात गुंडाळले, पिशवीत घातले आणि अनवाणी गावात शिरली. कागद माझंच पत्रक होतं.

मी धावत जाऊन तिला गाठलं नाही. तेवढी अक्कल होती. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मात्र फुटलो. सगळ्या जगाला कनवास घालायला सांगता आणि आपल्या वेशीत काढता? ह्यालाच गुलामी म्हणतात, वगैरे. पत्रकात जे जे लिहितो ते सगळं बोललो. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मुकादमानं हाक मारली तर त्यालाही हातानं थांबवलं.

"झालं?"

"झालं."

"अठ्ठ्याहत्तरला तुमी केवढे व्हताव?"

"शाळेत होतो."

"नामांतराचा ठराव तिकडं मुंबईला झाला, आन आग इकडं लागली. मपल्या दिराचं छप्पर पेटलं. आत शेळी बांधल्याली व्हती. तिचा आवाज अजून येतोय मला." मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तुमचं पत्रक वाऱ्यानं उडून जातंय, पत्रक. आमचं घर जाग्यावरच ऱ्हातंय. रेल्वेच्या हद्दीत मी सरकारी मानूस हाय. वेशीच्या आत मी दिराची भावजय हाय. मपल्या बुटापायी त्येचं छप्पर पुन्हा पेटलं तर तुमी येनार हाव का विझवायला?"

गावच्या फेरीचा विषय मी सोडून दिला.

तो तिनंच काढला, आणि तोही पोरींमुळं. वस्तीतल्या पोरी पूर्णेच्या पोरींना बघून हटून बसल्या की आमच्याच गावात फेरी कशी नाही. "आत्या, तुमी असल्यावर काय भेव हाय?" असं त्या तिलाच म्हणाल्या. तिला नाही म्हणता आलं नसावं. एका रविवारी फेरी ठरली.

सकाळी चुडाव्याला उतरलो; वस्तीतल्या बायका-पोरी फलाटावर आल्याच होत्या, पोरींनी बूट तिथंच चढवले. घोषणा देत निघालो. ओढा आला तशा घोषणा बारीक झाल्या. वेशीजवळ पोचलो आणि घोषणा बंदच पडल्या. बायकांमध्ये ज्यांच्या पायात चपला होत्या त्यांच्या चपला कधीच हातात गेल्या होत्या, नेहमीसारख्या, न थांबता. बूटवाल्यांची मात्र पंचाईत झाली. बूट चालता चालता निघत नाही. त्याला नाडी आहे. फेरी अडखळली. समोर वेस, वेशीतून दिसणारी गढी, गढीच्या ओट्यावर गढीचे मालक आबा आणि त्यांची चार माणसं. सगळी आमच्याकडंच बघत होती.

पारूआत्या त्या दगडावर बसली.

तिनं डाव्या बुटाची नाडी सोडली. मी तोंड फिरवलं, कारण मला ते बघवेना. मागं वळलो आणि बघतो तर काय, रस्त्याच्या कडेला धुळीत सगळ्या पोरी ओळीनं बसलेल्या. मान खाली घालून नाड्या सोडत होत्या. आत्यानं नीळ घातली की ह्या नीळ घालायच्या, आत्यानं दुहेरी गाठ मारली की ह्या मारायच्या, आता आत्या सोडायली म्हणून ह्या सोडायल्या. त्यांना कारण विचारावंसंही वाटलं नव्हतं.

पारूआत्यानं मान वर केली आणि तिलाही ते दिसलं.

"ए!" ती ओरडली. "काय करायल्याव गं?"

"बूट काढायलो, आत्या."

"कुनी सांगितलं?"

"तुमीच काढायल्याव की."

तिनं सोडलेली नाडी मुठीत धरली. मग त्या पोरींमधल्या सगळ्यात बारकीकडं बोट दाखवून म्हणाली, "आगं ये सटवे, मी काढायले न्हाई. मपल्या बुटात खडा गेला व्हता!" तिनं बूट उपडा करून झटकला. त्यातून काही पडलं नाही. "निघाला बगा. बांधा. समद्या बांधा. दुहेरी गाठ मारा, आवळून. उठा!"

आणि ती उठली. आम्ही वेशीतून आत शिरलो. घोषणा नाही, काही नाही. तिनं रझाकाराच्या गोष्टीत सांगितलं होतं ते खरं होतं: कॅनव्हासचा आवाज येत नाही. एवढी माणसं चालत होती आणि धुळीत फक्त फसफस वाजत होतं.

गढीपुढं आलो. आबा म्हणजे ऐंशीच्या घरातले, पांढऱ्या मिशा, आवाज अजून खणखणीत. "पारू," त्यांनी हाक मारली. "थांब. पायात काय हाय?"

तिचाच प्रश्न. सगळ्या मुलखाला ती विचारायची तो.

"कनवास हाय, आबा."

"बायामानसं कवापासून बुटं घालायला लागली?"

"सरकारी हायत," ती म्हणाली. धडधडीत खोटं! "रेल्वेनं दिल्यात. काढले की साहेब मेमो देतो. तुमीच सांगा, लागल्याली नोकरी घालवू का?"

आबांच्या माणसांपैकी एक जण खुदकन् हसला. आबांनी त्याच्याकडं बघितलं, तो गप्प झाला. "बरं, तुजे सरकारी," आबा म्हणाले. "आन ह्या पोरी? ह्या बी रेल्वेत हायत का?"

सगळ्यात बारकी पोर पारूआत्याच्या मागं सरकली.

"व्हतील की, आबा," पारूआत्या म्हणाली. "आदी पाय तयार करायलेय."

आणि चालायला लागली. ती चालली म्हणून पोरी चालल्या, पोरी चालल्या म्हणून बायका चालल्या. मागं वळून बघितलं तर ज्यांच्या चपला हातात होत्या त्यांच्यातल्या दोघी-तिघींनी चालता चालताच त्या खाली टाकल्या आणि पाय घातले. वस्तीच्या तोंडाशी पोचल्यावर जी आरोळी उठली ती चुडावा स्टेशनापर्यंत गेली असेल. पोरी नाचत होत्या. मी नाचत होतो! पारूआत्या मात्र दिराच्या घराच्या छपराखाली जाऊन एका जागी बसली. "पानी द्या," एवढंच म्हणाली.

छप्पर पेटलं नाही. पण गावानं काहीच केलं नाही असं म्हणून कुणी सलोख्याचे लेख लिहू नयेत. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या गिरणीवर आमचं दळण बंद. पट्टा तुटलाय म्हणे. तुटलेला पट्टा गावाचं पीठ दळत होता, आमचंच दळत नव्हता. पारूआत्यानं त्यावर भाषण केलं नाही. जोंधळ्याच्या पिशव्या डोक्यावर घेऊन बायकांची रांग कनवासमध्ये स्टेशनला निघाली आणि पॅसेंजरनं पूर्णेला जाऊन दळून आणायला लागली. रोज गढीपुढून जायचं, रोज यायचं. वस्तीच्या जोंधळ्यावाचून गिरणीचं काही भागेना. पट्टा आपोआप बरा झाला.

आणि कॅनव्हास परत आला! सिंगल लाईनवरून आला, तिनं सांगितलं होतं तसाच. मुनीरभाईंनी माल मागवून मागवून पुन्हा माळा भरला. पिंगळीच्या व्हॉलीबॉल सामन्यांत दोन्ही बाजूंच्या पायात कॅनव्हास. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांनी पाचटापासून पाय वाचतात म्हणून घेतले. सफारीवर पांढरे कॅनव्हास घातलेले नवरदेव मी डोळ्यांनी बघितलेत. शेवटी गढीवरच्या आबांचा नातू जीनवर तेच बूट घालून कॉलेजला जायला लागला. मी चिडून पारूआत्याला सांगितलं, "बघा, हे गढीवाले म्हणतात शहरातून फॅशन आलीय. तुमचं नाव कुणी घेत नाही!"

"पत्रक," ती म्हणाली, "त्येनं नाडी नीट बांधली व्हती का?"

"बांधली होती."

"मंग गप बसा की."

पुढं तिची बदली झाली, मीही दुसऱ्या तालुक्यात गेलो. मी तिला शेवटचं बघितलं ते चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला, तिच्याच गावात. विद्यापीठाच्या नावाची बातमी आली होती. नामांतर नाही, नामविस्तार. बाबासाहेबांचं नाव आलं, पण जुन्या नावाला जोडून. मी त्या 'विस्तार' शब्दावर धुमसत होतो, पत्रकाची पहिली ओळ मनात जुळवत होतो. वस्तीतल्या विहारात वंदना होती. पारूआत्या विहाराच्या पायरीवर बसली आणि सावकाश नाड्या सोडायला लागली. कुणीतरी घाई केली तर म्हणाली, "हितं मी मपल्या मनानं काढायलेय. काढू द्या की निवांत."

वंदना झाली, तिळगूळ झाला, रडणं झालं, हसणं झालं, आणि सगळे एकदम बाहेर आले. दारात कनवासचा ढीग. सगळे पांढरे, सगळे सारखे! जी काय झुंबड उडाली म्हणता. एकाचा बूट दुसऱ्याच्या हातात, लेकरं बूट फेकतायत, म्हाताऱ्या ढिगात बसून मापं लावतायत. पारूआत्या सगळ्यात शेवटी ढिगापर्यंत पोचली तेव्हा दोनच बूट उरले होते. दोन्ही डाव्या पायाचे.

तिनं ते तसेच घातले आणि रस्त्याला लागली. वस्तीतून वर गावाकडं, उजवा पाय वाकडा टाकत, लोकांना हाका मारत. "कुनाच्या पायात दोन उजवे हायत? उभे ऱ्हावा! ए, पाय दाखव. तू न्हाई. तू दाखव!" तिच्यामागं पोरींची झुंड हसत खिदळत चाललेली. मी त्यांच्याही मागं.

गढीच्या ओट्यावर आबा उन्हाला बसले होते. गलका ऐकून त्यांनी हाक मारली, "पारू, काय झालं गं?"

ती थांबली नाही. लंगडत लंगडतच वळून तिनं बघितलं आणि म्हणाली, "आबा, तुमच्या पायात बगा बरं, दोन उजवे तर न्हाईत?"

आणि आबांनी मान खाली घालून पायांकडं बघितलं.